मोबाइलच्या कुरड्या

माझी शाळा आमच्या मेहकरपासून बारा किलोमीटरवर आहे आणि मी स्कूटीने जाते. मार्चमध्ये अवकाळीने दोनदा गाठलं, दुसऱ्या वेळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही भिजला. तेव्हा एका सहकारी बाईंनी माझ्या मोबाइलमध्ये पावसाच्या रडारचं एक अ‍ॅप टाकून दिलं. नकाशावर आपण म्हणजे एक निळा ठिपका. पाऊस म्हणजे रंग. हिरवा साधा, पिवळा जोराचा, लाल म्हणजे पळा. खाली एक पट्टी असते, तिच्यावर बोट सरकवलं की ढग पुढे-मागे चालतात. मला ते फारच आवडलं. शाळा सुटायच्या आधी मी बोट सरकवून बघायची आणि निघायचं की थांबायचं ते ठरवायची. महिनाभर एकदाही भिजले नाही.

माणसाला असं काही सापडलं की ते स्वतःपुरतं ठेवणं जमत नाही. मला तर मुळीच जमत नाही. गल्लीत कोणाच्या मिरच्या वाळत असल्या, कोणाची हळद असली, तरी मी आपणहून सांगू लागले. समोरच्या काकूंना एकदा म्हटलं, अर्ध्या तासात मिरच्या आत घ्या, आणि त्यांनी शेवटचं सूप आत नेलं तसा पाऊस आला. त्यानंतर माझी पत वाढली. बायका दारातून विचारायच्या, "मॅडम, पाणी येते का वं?" मी पदराला हात पुसून मोबाइल उघडायची. खरं सांगायचं तर चढलंच होतं मला ते.

एप्रिल उजाडला की आमच्या गल्लीत कुरड्यांच्या बाऱ्या लागतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि चौथ्या दिवशी सकाळी शिजवून सोऱ्यातून साडीवर घालायच्या. एकटीचं काम नव्हे. म्हणून ज्या घराची बारी असेल तिथे बाकीच्या घरच्या बायका आपापले सोरे घेऊन जातात. बाऱ्या माझ्या सासूबाई ठरवतात. दोन घरांचे गहू एका दिवशी भिजत घालायचे नाहीत, मध्ये दोन दिवस सोडायचे, असा त्यांचा हिशेब. स्वतःची बारी त्या कायम शेवटची ठेवायच्या. मला ते त्यांचं मोठेपण मिरवणं वाटायचं. शिवाय दहा-बारा दिवस दोन-दोन दिवसांआड पहाटे उठून कोणाच्या तरी स्लॅबवर बसायचं आणि तिथून धावतपळत शाळा गाठायची, याचा मला मनापासून कंटाळा होता.

त्या वर्षी समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न होतं. काकू शिवणकाम करतात. कष्टाने सगळं जमवलेलं, त्यामुळे रुखवतावर काय काय मांडायचं हे त्यांच्या मनात कधीचं ठरलेलं होतं, आणि सगळ्यांत पुढे परातीएवढ्या अखंड कुरड्यांची चळत. विकतच्या आणून मांडणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. लग्नघर म्हणून सासूबाईंनी त्यांना पहिली बारी दिली होती, गुरुवारची.

मी मध्ये पडले. मोबाइल बघून म्हटलं, "काकू, गुरुवारी ढग दाखवतंय. रविवारी एकदम साफ आहे. मलाही सुट्टी. तुमच्या, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या आणि दूधवाल्यांकडच्या, तिन्ही घरच्या एकाच दिवशी उरकून टाकू."

सगळ्यांना पटलं. ते पहाटेचं उठणं माझ्यासारखंच त्यांनाही जड जात असणार. लग्न त्याच्या पुढच्या शुक्रवारी होतं, काकूंनी बोटांवर दिवस मोजले आणि हो म्हणाल्या. सासूबाईंना मी म्हटलं, आपलेही गहू घाला बुधवारीच.

"मले घाई नाही," त्या म्हणाल्या. "म्या शुक्रवारी घालीन."

म्हातारं माणूस नवं ऐकत नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता, जेवतच राहिला.

गुरुवारी ढगाचं नावही नव्हतं, कडक ऊन पडलं होतं. ते मी सोयीस्कर विसरले.

रविवारी सकाळी सहाला तिन्ही घरी चुली पेटल्या. एरवी एका स्लॅबवर सहा-सात जणी असायच्या, आता प्रत्येक घरी दोघी-तिघी. मी आणि सासूबाई काकूंकडे. बोलायलाही फुरसत नव्हती, पण साडेनऊपर्यंत झालं. काकूंच्या स्लॅबवर चार साड्या पांढऱ्याशुभ्र कुरड्यांनी भरल्या होत्या. नवरी मुलगी वर येऊन फोटो काढून खरेदीला निघून गेली.

पावणेअकराला मी मोबाइल उघडला. लोणारच्या बाजूला एक लाल डाग दिसत होता. बोट पुढे सरकवलं. डाग सरळ आमच्याकडे सरकत आला, आणि साडेअकराला आमचा निळा ठिपका त्या लालात पार बुडाला.

मी ओरडलेच. "काकू, पाऊस! पाऊण तासात! उचला सगळं!" आणि तशीच कठड्याशी जाऊन पलीकडच्या दोन्ही स्लॅबवर हाका मारल्या.

सासूबाई सावलीला बसल्या होत्या. त्यांनी लोणारच्या बाजूच्या आभाळाकडे पाहिलं, मग काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांकडे. "वारा तं पाय कुठून हाय," त्या म्हणाल्या. कपडे लोणारच्याच दिशेला उडत होते. मी म्हटलं, "आई, यात दिसतंय ना समोर!"

कुरड्यांची ओली साडी आत न्यायची एक रीत आहे. चौघींनी चार कोपरे ताणून धरायचे आणि तशीच आडवी जिन्याच्या खोलीत न्यायची. आम्ही तिघी, त्यात सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. पलीकडून मदतीला कोणी येणार नव्हतं, कारण प्रत्येक घरी तीच धावपळ. मग मीच म्हटलं, दुमडा. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साडी दुमडली. दुसरी, तिसरी, चौथीसुद्धा.

साडेअकरा वाजले. बारा वाजले. ऊन हलत नव्हतं. मोबाइलमधला लाल डाग पिवळा झाला, मग हिरवा, मग लोणारच्या अलीकडेच पुसला गेला. तेव्हा मी पहिल्यांदा ती खालची पट्टी नीट बघितली. मधोमध एक बारीक उभी रेघ होती. रेघेच्या डावीकडे झालेला पाऊस, उजवीकडे, अगदी बारीक अक्षरात, अंदाज. महिनाभर ती रेघ रोज माझ्या बोटाखालून जात होती. ती काय आहे हे बघायची मला गरज वाटली नव्हती. मी अंदाज बघत होते आणि लोकांना डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगत होते.

काकूंनी साड्या उलगडल्या. कुरड्यांचे गोळे झाले होते. काही साडीला चिकटल्या, काही एकमेकींना. एकही अखंड नव्हती. पलीकडच्या दोन्ही घरीही तेच. मला वाटलं त्या बोलतील, बोलायलाच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुले काय मालूम होतं, पोरी. तू तं चांगल्यासाठीच केलं." आणि खाली जाऊन शिलाई मशीनवर बसल्या. मशीनचा आवाज रस्ता ओलांडून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी पोळ्या करत होते आणि रडत होते. लाज वाटत होती. पुन्हा गहू भिजवायचे तर चीक गुरुवारी, वाळायला दोन दिवस, आणि लग्न शुक्रवारी.

संध्याकाळी सासूबाईंनी मला मोरीत बोलावलं. तिथे त्यांची बादली होती. त्यांनी गव्हाचं पाणी बदललं, एक दाणा बोटांत दाबून पाहिला, आतून दूध आलं.

"उद्या वाटू. मंगळवारी तिच्या स्लॅबवर घालू," त्या म्हणाल्या.

"आणि आपल्या?"

"आपल्या झाल्या तं झाल्या." मग बादलीवर झाकण ठेवत म्हणाल्या, "बारी काऊन असते मंग? एकीचं बिघडलं तं दुसरीचं भिजत असते. तू सगळ्याईचं एकाच दिवशी लावून देलं."

एवढंच. दहा वर्षं त्या घरात राहून मला बाऱ्या म्हणजे नुसत्या हातांची अदलाबदल वाटत होती, आणि त्यांची शेवटची बारी म्हणजे मोठेपणा.

मंगळवारी मी रजा टाकली. गल्लीतल्या सगळ्या जणी काकूंच्या स्लॅबवर होत्या. चीक शिजला, पहिली साडी अंथरली, सोऱ्यात चीक भरला. आणि सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाय बरं मोबाइलात. पाणी येते का?"

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं टोमणा मारतायत. पण त्यांचा चेहरा सरळ होता, त्यांना खरंच विचारायचं होतं. मी अ‍ॅप उघडलं. रेघेच्या डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे दुपारी लांब एक हिरवट ठिगळ.

"आत्ता कुठंच नाही, आई. दुपारचं मले नाही सांगता येत."

"मंग इथंच बस सावलीत. अन् वर आभाळ पाय."

मी सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या स्लॅबवर बसले. दर थोड्या वेळाने मोबाइल बघायचा, मग आभाळ, मग दोरीवरचे कपडे. दुपारी ढग आले, तेव्हा चौघी-चौघी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. ढग गेले, त्याही गेल्या. बुधवारी संध्याकाळी पाहुणे यायला लागले तेव्हा कुरड्या खडखडीत वाळल्या होत्या.

लग्नात वराकडच्या बायकांनी रुखवताभोवती गर्दी केली. "कुरड्या कोणाच्या हातच्या?" एकीने विचारलं. काकू म्हणाल्या, "आमच्या गल्लीच्या." सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या पदर सारखा करत राहिल्या.

लग्न झाल्यावर काकूंनी ते वाळलेले गोळे आणि चुरा आमच्याकडे आणून दिला, बदल्यात. तळल्यावर चव तीच, नुसता आकार नाही. वर्षभर तेच खाल्लं. पाहुणे आले की सासूबाई बैठकीतून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "अवं, मोबाइलच्या कुरड्या तळ वं दोन!" पाहुणे विचारायचे, ही काय भानगड, आणि मग त्या रंगवून सांगायच्या. मी आत तळत हसायची. पहिले काही महिने हसायला थोडी मेहनत पडली.

अ‍ॅप अजून आहे. शाळेतून निघताना बघतेच. गल्लीत कोणी विचारलं तर रेघेपर्यंतचं सांगते, पुढचं विचारलं तर अंदाज आहे म्हणते. त्यामुळे आता फारसं कोणी विचारत नाही.

यंदा होळी झाल्यावर बायका आमच्या ओट्यावर जमल्या. सासूबाईंनी बाऱ्या लावल्या. पहिली कोपऱ्यावरच्या वहिनींना, मग दूधवाल्यांकडे, मग काकूंना. स्वतःची त्यांनी मध्येच कुठेतरी घेतली. मी म्हटलं, "आई, तुमची तर शेवटची असते."

"शेवटची बारी आता तुही," त्या म्हणाल्या. "गहू जरा जास्त घालजो."