साडूच्या गच्चीवरचं पॅनेल

चेन्नईला का गेलात, असं कुणी विचारलं की मी समुद्र बघायला गेलो होतो असं सांगतो. ते खोटं आहे. मी साडूचं सोलर पॅनेल बघायला गेलो होतो, आणि ते मेलेलं निघावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

चौदा वर्षांपूर्वी पुण्यात सासऱ्यांच्या सत्तरीला आम्ही दोघे साडू एकत्र होतो. एका दुकानात तेव्हा नवलाईची सोलर पॅनेलं आली होती. मधुकररावांनी एक घेतलं, म्हणून मीही एक घेतलं. एकाच खोक्यातली दोन. माझं सोलापूरला आलं, त्यांचं चेन्नईला गेलं. माझ्याकडचे दिवे पाच वर्षांत मिणमिणायला लागले आणि सहाव्या वर्षी मी पॅनेल भंगारवाल्याला देऊन टाकलं. कंपनीनं फसवलं, असं सगळ्यांना सांगितलं. मी वीज खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे कुणी उलट विचारलं नाही.

पण दर रविवारी सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, थोरल्या बहिणीला, अक्काला फोन असतो. फोन ठेवला की ती हमखास म्हणायची, "दाजींचं सोलर अजून चालतंय हं." आमच्याकडे लोडशेडिंग, मी मेणबत्तीच्या उजेडात जेवतोय, आणि वर हे. मधुकरराव बँकेत चढत चढत पगारात माझ्यापुढे गेले ते मी गिळलं, त्यांना दारातून समुद्राचा वारा येतो तेही गिळलं. हे मात्र घशाखाली उतरेना.

तर जानेवारीत निघालो. हा ब्लॉग वाचून कुणी जाणार असाल तर हाच महिना निवडा, बाकी वर्षभर चेन्नईत घामानं जीव जातो. सोलापूरहून मद्रासची गाडी थेट मिळते, स्लीपरला तीनशेच्या आसपास पडतात. गुंतकलला दहीभात घ्या, पुढे धड काही मिळत नाही. तिथंच सुनंदानं पाण्याची बाटली काढायला माझी पिशवी उघडली आणि तिच्या हाताला पंच्यात गुंडाळलेला माझा वीज मोजायचा मीटर लागला.

"समुद्र मोजणार आहात का?" तिनं विचारलं.

"असू दे, लागतो कधी कधी," मी म्हणालो. तिनं पंचा पुन्हा नीट गुंडाळून ठेवला.

मधुकररावांचं घर तिरुवल्लिकेणीला, सेंट्रल स्टेशनहून जवळच आहे, पण रिक्षावाला मीटरकडे बघतही नाही. ऐंशीवरून साठवर आला. सामान कमी असेल तर सरळ बस धरा. गल्ल्या अरुंद, दारोदारी पांढरी रांगोळी, आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या त्या उंच जुन्या इमारती, प्रत्येक कठड्यावर लुंग्या वाळत घातलेल्या. मधुकरराव कोपऱ्यावर न्यायला उभे होते. माझ्या हातातली पिशवी त्यांनी आग्रहानं घेतली. मीटर त्याच पिशवीत होता.

संध्याकाळी सात वाजता नेमकी वीज गेली. स्वयंपाकघरात एक आणि जिन्यात एक असे दोन दिवे लागले. सुनंदानं माझ्याकडे बघितलं, मी सांबारात बघितलं. मधुकररावांची लेक चित्रा शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हा ब्लॉग मला तिनंच काढून दिला. ती म्हणाली, "काका, आमचं सोलर सूपर आहे ना? अप्पा अगदी बेबीसारखं बघतात त्याला." मी म्हणालो, छान आहे. इतकं खोटं छान मी आयुष्यात म्हटलं नसेल.

दुसरा दिवस मरीना आणि जॉर्ज टाउनमध्ये गेला. मरीनावर पहाटेच जा, नंतर वाळू पाय ठेवू देत नाही. जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात सुनंदानं स्टीलचे डबे घेतले. व्यापारी सुटे विकत नव्हता, म्हणून सहाचा संच घ्यावा लागला. मी मनानं गच्चीवरच होतो.

तिसऱ्या दिवशी मधुकरराव बँकेत, चित्रा ऑफिसात आणि दोघी बहिणी मागच्या बाजूला धुणं धूत होत्या. बाराच्या सुमारास मीटर घेऊन मी वर गेलो. तिकडे गच्चीला मोट्टैमाडी म्हणतात.

पॅनेल बघितलं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. निळ्याचं तपकिरी झालेलं, जुन्या फोटोला चढतो तसा रंग. कडेनं काचेखाली पांढुरका धुरळा शिरला होता आणि खाऱ्या वाऱ्यानं स्क्रू गंजले होते. पॅनेलचं वय व्होल्टमध्ये फारसं कळत नाही, ते अँपियरमध्ये कळतं. ऊन तेवढंच असलं तरी प्रवाह दरसाल थोडा थोडा उतरत जातो. मागच्या पट्टीवर नव्याचा आकडा होता चार पूर्णांक सात. वायरी सोडवून मी मीटर लावला. तीन पूर्णांक आठ.

रात्री जेवताना हे कसं काढायचं याची मी जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात अक्का ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आल्या.

"मापलंत का?" त्यांनी सहज विचारलं. "किती आलं?"

मी चोरासारखा उभा राहिलो आणि आकडा सांगितला.

"मग बरोबर. परवा संक्रांतीला ह्यांनी मापलं तेव्हाही तेवढंच होतं." त्यांनी पाण्याच्या टाकीमागची भिंत दाखवली. तिथं पेन्सिलीनं एकाखाली एक आकडे लिहिले होते. चार सात, चार सहा, दोन वर्षं चार पाच, असं उतरत उतरत तीन आठपर्यंत. ज्या गोष्टीत मी त्यांना पकडायला सोळा तास गाडीत बसून आलो, ती त्यांनी स्वतःच भिंतीवर लिहून ठेवली होती.

"मग दिवे चालतात कसे?" मी विचारलं.

"आधी चार होते. आकडा फार उतरला की हे एक दिवा काढतात. माजघरातला गेला, मग पडवीतला. ते म्हातारं होणार, आपण मागणं कमी करायचं, म्हणतात. आणि बॅटरी तीनदा बदलली. पॅनेल टिकतं हो, पण बॅटरी चार-पाच वर्षांत जाते, ते तुम्हाला काय सांगायचं." चादर झटकत त्यांनी विचारलं, "तुम्ही कितीदा बदललीत?"

मला तिथल्या तिथं कळलं. पाच वर्षांत दिवे मिणमिणले ते बॅटरीमुळे. पॅनेल ठणठणीत होतं. मी मीटर लावलाच नव्हता. खात्यात रोज दुसऱ्यांच्या तारा मोजत होतो, घरच्या पॅनेलला मात्र नुसतं बघून मेलं म्हणालो.

"दोनदा," मी म्हणालो.

जिन्याच्या तोंडाशी सुनंदा दुसरी बादली घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. एकदाही बदलली नाही हे तिला चांगलं माहीत होतं, कारण बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरसाठी तीच माझ्या मागे लागायची. तिनं बादली खाली ठेवली आणि कपडे वाळत घालू लागली.

संध्याकाळी मधुकरराव आले. अक्कांनी त्यांना सगळं सांगितलं असणार. कॉफीचा पेला हातात देत ते म्हणाले, "अनंतराव, खरं सांगू? मी ते जपलं ते तुमच्या धाकानं. वीज खात्यातला साडू. त्याचं झोकात चालणार आणि आपलं बंद पडणार, मग सुनंदा फोनवर काय म्हणेल? म्हणून दर वर्षी मापत गेलो, तुमचं गेलं तोवर सवयच लागली होती." ते हसले. मीही हसलो. पण इतकी वर्षं त्यांना माझा धाक आणि मला त्यांचा हेवा, आणि त्यात जे करायचं ते त्यांनी केलं, याचा मला आणखीच राग आला.

परतीच्या गाडीत सुनंदा खिडकीशी बसून होती. रेणिगुंटा गेल्यावर म्हणाली, "आठ वर्षं मी अक्काला सांगत आले, कंपनीनं फसवलं. तिला काय वाटत असेल?"

सोलापूरला येऊन तीन रविवार झाले. फोन होतात, पण सुनंदा सोलरचा विषय काढत नाही. पूर्वी तो ऐकून मी जळायचो, आता तो निघत नाही म्हणून जळतो. लोडशेडिंगमध्ये गच्चीवर गेलो की पॅनेलचा रिकामा लोखंडी सांगाडा दिसतो. सुनंदा त्यावर पायपुसणी वाळत घालते. हेवा गेलेला नाही. फक्त पॅनेलचा राहिलेला नाही, त्या पेन्सिलीचा आहे. उतरता आकडा दर वर्षी आपल्या हातानं लिहायला जी छाती लागते, ती मला नाही.

निदान एक आकडा मी लिहू शकतो. चित्रा हा ब्लॉग ऑफिसात वाचते आणि घरी आई-वडिलांना वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. चित्रा, एवढं जरा सावकाश वाच.

अक्का, एकदाही नाही.