सगळ्यांच्याच घरी

पांढरकवड्यात मी पाहुण्यांना पायी फिरवून इथलं खाणं चाखवतो. पहिला थांबा आमच्या गल्लीतल्या गोंड वहिनीकडे, मोहाच्या लाडवांसाठी. मोहफुलं गरम वाळूत भाजायची तिच्या सासूची रीत तिनं मला घरचा समजून दाखवली. "कोणाले सांगू नका भाऊजी," म्हणाली होती. मी ती नागपूरच्या एका बिअर बनवणाऱ्याला सांगून टाकली.

पुढे तो आपली मोहाची बिअर घेऊन आमच्या फेरीच्या शेवटच्या थांब्यावर आला. त्या दिवशी वहिनीही लाडू घेऊन तिथं आली होती. वाळूत भाजायची युक्ती आपल्यालाच सुचली, असं तो सांगू लागला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. एका पाहुणीनं तिच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "ही रीत यांची का?"

फेरीचा खर्च आता तोच उचलत होता; तो नाराज झाला तर फेरी बंद पडेल, या भीतीनं मी म्हणालो, "इकडे सगळ्यांच्याच घरी असंच भाजतात."

पुढच्या रविवारी नवे पाहुणे घेऊन मी तिच्या दारात गेलो. तिनं दार अर्धंच उघडलं.

"सगळ्यांच्याच घरी भाजतात न भाऊजी? मंग माह्याच दारात कायले उभे राह्यले?"

पाहुण्यांना थट्टा वाटली, ते हसले. त्यांच्यासोबत मीही हसलो.