सहा हजारांचं वर्तुळ

आमच्या रेजिमेंटला रशियन बनावटीच्या १३० मिलिमीटर तोफा मिळाल्या, तेव्हा मी आणि देविदास मुनेश्वर एकाच बॅटरीत हवालदार होतो. दोघेही घाटंजी तालुक्यातल्या एकाच गावचे. भरती एकाच दिवशी झालो, ट्रेनिंग एकाच बराकीत केलं. बॅटरीत सहा तोफा. पाचव्या तोफेचा प्रमुख तो, सहाव्या तोफेचा मी. त्याच तोफांवर असताना देविदास मारला गेला. तो तोफ सोडून पळताना गेला, असं आमच्या गावात अनेक वर्षं म्हटलं जात होतं. ते खरं नाही. जे खरं आहे ते समजायला आधी तोफांबद्दल थोडं सांगावं लागेल.

आज टीव्हीवर लढायांची चित्रं दिसतात. पारावर मला लोक विचारतात, सुभेदार, ही कोणत्या देशाची, ती किती लांब मारते. मी सांगतो. ट्रेनिंगमध्ये आमच्या हाती इंग्रजांच्या वेळची पंचवीस पौंडी आली. पुढे डोंगरात युगोस्लाव्हियाची छोटी पहाडी तोफ पाहिली. ती सुटी करून खेचरांवर लादता येई. मग आपल्या देशात बनलेली १०५ मिलिमीटर. तिच्यावर मी आणि देविदास बारा वर्षं होतो. शेजारच्या रेजिमेंटकडे स्वीडनची १५५ होती. तिचं नाव पेपरवाल्यांमुळे घरोघरी पोचलं होतं, पण गोळा कसा टाकते हे तिच्यावर काम करणाऱ्यांनाच ठाऊक होतं. आता कोरियाच्या बनावटीची रणगाड्यासारखी चालणारी तोफ आहे, हेलिकॉप्टरला टांगून नेता येणारी अमेरिकेची हलकी तोफ आहे, आणि पुन्हा आपल्याकडे बनलेल्या लांब पल्ल्याच्या तोफा आहेत.

देश बदलला की नुसती तोफ बदलत नाही. हिशोब बदलतो. वर्तुळाचे तीनशे साठ अंश आपण शाळेत शिकतो. तोफखान्यात अंश चालत नाहीत, फार मोठे पडतात. आम्ही वर्तुळाचे बारीक भाग करतो आणि त्यांना मिल म्हणतो. आमच्या १०५ वर वर्तुळाचे चौसष्टशे मिल होते. रशियनांनी त्याच वर्तुळाचे सहा हजार केलेले. म्हणजे आकडा तोच सांगितला, तरी दोन तोफांची तोंडं दोन दिशांना जाणार.

नवी तोफ आली त्या दिवशी देविदास तिच्याभोवती एक फेरी मारून आला. नळी फार लांब होती. तो म्हणाला, "बाबाराव, घाटंजीतून डागली तं गोळा पांढरकवड्याच्या बाजारात पडन. मंग तिथले लोक बाजारभाव विचारतीन का?" पल्ल्याचा अंदाज त्याचा चुकीचा नव्हता. सत्तावीस किलोमीटर मारायची ती.

नवी तोफ शिकवणाऱ्या कन्व्हर्जन कोर्समध्ये आमच्या मेजर साहेबांनी एक पद्धत घालून दिली. वर डोंगरावर बसलेला निरीक्षण अधिकारी दिशा सांगेल ती चौसष्टशेच्या हिशोबात, कारण त्याचा कंपास आणि नकाशा तसाच होता. कमांड पोस्ट ती सहा हजारात बदलून तोफांना देईल. पण तोफेच्या ढालीवर, म्हणजे पुढच्या लोखंडी पत्र्यावर, खडूने दोन्ही आकडे लिहायचे. वर चौसष्टशेचा, खाली सहा हजारांचा. खालचा आकडा दिसल्याशिवाय नेम लावायचा नाही. देविदासने ही गोष्ट मनावर घेतली. आपल्या जवानांना जेवतानासुद्धा आकडे बदलायला लावायचा. मला ते जास्तीचं वाटे. हिशोब करायला कमांड पोस्ट आहे, आपण ढाल कशाला खराब करायची, असं मी म्हणत असे. तो म्हणे, "तुले बारा वर्षांची सवय हाय बाबाराव. सवय लय वाईट. तिले इचारल्याशिवाय येते."

उत्तरेकडच्या एका डोंगराळ सेक्टरमध्ये आम्ही तोफा लावल्या. रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी नळी साफ, मग चहा, मग गोळे पुसून फळ्यांवर लावणं, मग आकड्यांचा सराव. गोळा तेहतीस किलोचा. थंडीत त्याला हात लावला की कातडी चिकटत असे. दुपारी पत्रं लिहायची. देविदासच्या पत्रात त्याच्या मुलीच्या, सुजाताच्या, दातांची चौकशी असे. ती तेव्हा दोन वर्षांची होती.

त्या दिवशी सकाळी समोरून मारा सुरू झाला. आमची एक इन्फन्ट्री कंपनी पुढच्या नाल्यात अडकली होती. तिच्यावर वरच्या कड्यावरून आग येत होती. तिच्याबरोबर जखमी होते. गोळे टाकून तो कडा दाबला तरच तिला मागे येता येणार होतं. तोफांना फायर ऑर्डर मिळण्याआधीच आमच्या कमांड पोस्टजवळ गोळा पडला. माणसं वाचली, पण टेलिफोनच्या तारा तुटल्या. माझ्या आणि देविदासच्या तोफेवर रेडिओ सेट होते. निरीक्षण अधिकारी कॅप्टन साहेब थेट आमच्याशी बोलू लागले. आकडा बदलून देणारं मध्ये कोणी नव्हतं.

"फाइव्ह, सिक्स. बियरिंग दो-दो-चार-शून्य. रेडी होके रिपोर्ट."

मी बियरिंगचा, म्हणजे दिशेचा, आकडा परत म्हणून दाखवला. ढालीवर खडूने लिहिला. बावीसशे चाळीस. आणि लेअरला, म्हणजे दुर्बिणीतून नेम लावणाऱ्या जवानाला, तोच आकडा मोठ्याने सांगितला. त्या आकड्याच्या खाली एकवीसशे लिहायला हवं होतं. हे मला त्या क्षणी आठवलं नाही. घाबरलो होतो असं म्हणता येत नाही. बारा वर्षं ज्या हिशोबाने काम केलं तो आपोआप तोंडातून निघाला.

बॅटरीच्या तोफांची तोंडं एका लक्ष्यावर असली की नळ्या एकमेकींना समांतर दिसतात. देविदासने आपली तोफ लावली, तयार असल्याचा हात वर केला आणि माझ्या तोफेकडे पाहिलं. माझी नळी उजवीकडे फाकलेली होती. फरक अंशात मोजला तर आठाहून थोडा जास्त. पंधरा किलोमीटरवरच्या कड्यापाशी तो दोन किलोमीटरहून जास्त होणार होता. आणि कड्याच्या उजव्या बाजूला, दोन किलोमीटरवर, आमचीच अडकलेली कंपनी होती.

त्याने हात हलवले असणार. माझं लक्ष रेडिओकडे होतं. हाकेच्या अंतरावर होता, पण त्या आवाजात हाक पोचणार नव्हती. तोफेच्या प्रमुखाने फायरच्या वेळी तोफ सोडायची नसते. हा नियम त्याने मोडला. आपली तोफ आपल्या नायकाच्या हवाली केली आणि मधल्या उघड्या जमिनीवरून, मारा चालू असताना, माझ्याकडे धावत आला.

पोचल्यावर त्याने माझ्या ढालीवर हात आपटला. खडूच्या एकाच आकड्याखाली.

"बाबाराव, खालचा आकडा कुठं हाय?"

मी पाहिलं. काय झालं ते समजलं. लेअरला म्हणालो, "चेक. नया बियरिंग, इक्कीस सौ." नळी डावीकडे सरकू लागली. देविदासने ती त्याच्या नळीशी समांतर होईपर्यंत पाहिली. एवढाच वेळ तो थांबला. मग माझ्या खांद्यावर थाप मारली आणि परत आपल्या तोफेकडे निघाला. अर्ध्या वाटेवर गोळा पडला.

कॅप्टन साहेब विचारत होते, "सिक्स, रेडी?"

मी रेडी म्हणालो. फायर आलं. आम्ही फायर केलं. त्याच्या तोफेनेही केलं. त्यानंतर सांगितलं तितके गोळे टाकले. कडा शांत झाला. दुपारपर्यंत कंपनी आपले सगळे जखमी घेऊन खाली आली. मला देविदासकडे जायला मिळालं ते मारा थांबवायचा हुकूम आल्यावर. तो पालथा पडला होता, डोकं त्याच्या तोफेच्या दिशेला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही. मला कडक ताकीद मिळाली, बढती लांबली. देविदासने तोफ का सोडली ते रेजिमेंटमध्ये सगळ्यांना कळलं, आणि पुढे नव्या जवानांना दोन आकड्यांची पद्धत शिकवताना उस्ताद त्याचं नाव घेत. माझी चूक सैन्याच्या बाबतीत तिथे संपली. गावात मात्र ती तिथून सुरू झाली.

त्याच्या अस्थी आणि ट्रंक घेऊन गावी मला पाठवलं. बौद्ध वाड्यातलं अंगण माणसांनी भरलं होतं. माझ्या आळीतलेही आले होते. त्याची बायको, कुसुमवहिनी, मुलीला घेऊन दारात बसली होती. कोणीतरी विचारलं, तोफेवरच होता का? मी म्हणालो, तोफेवर नव्हता, बाहेर निघाला होता. पुढचं वाक्य म्हणायचं होतं. माझ्यामुळे निघाला होता. तेवढ्यात वहिनी रडू लागल्या, बाया उठल्या, आणि मी थांबलो. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

पुढच्या सुट्टीत घाटंजीच्या बाजारात चहा पिताना शेजारच्या बाकावर आमच्याच गावचा एक जण दुसऱ्याला सांगत होता, की मुनेश्वरचा पोरगा तोफ सोडून पळाला अन् मेला. मी चहा संपवला आणि उठलो. देविदास माझ्या आळीतला असता तर गावाने ते इतक्या लवकर मानलं असतं का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. उत्तर मला माहीत आहे. ते माहीत असूनही मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने शाळेसमोर सैनिकांसाठी दगड लावायचं ठरवलं. ग्रामसभेत विषय निघाला. गावातून फौजेत गेलेले बरेच, लढताना गेलेला एकच. सभेला सुजाता आली होती. ती आता घाटंजी डेपोत एसटीची कंडक्टर आहे. ड्युटीवरून थेट आली होती, खाकी कपड्यांतच. उपसरपंचाने देविदासचं नाव वाचलं. नामदेव, माझाच चुलतभाऊ, बसल्या जागेवरून म्हणाला, "दगड लावा ना. पण पळाला त्याचं नाव लावून लेकराईले काय शिकवसान?"

दोघं-तिघं हसले. सुजाता उभी राहिली. तिला नामदेवशी बोलायचं नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही तिथं होते. माझा बाप पळून राह्यलता का?"

मी उठलो. नाही, म्हणालो. मग दोन्ही हात समोर धरले, समांतर, आणि सांगितलं की ही त्याची तोफ, ही माझी. उजवा हात बाहेर फाकवून दाखवला. वर्तुळाचे सहा हजार भाग, चौसष्टशे भाग, ढालीवरचा खडू, नाल्यातली कंपनी, सगळं सांगितलं. तोफखान्याचं काहीच ठाऊक नसलेल्या माणसांनाही ते कळलं, कारण माझे हात वेगळ्या दिशांना होते आणि ते सगळ्यांना दिसत होते.

नामदेव माझ्या फाकलेल्या हाताकडे पाहत होता. मग म्हणाला, "एवढी वर्षं सांगतलं काहून नाही?"

"चूक माझी होती म्हणून," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. उपसरपंचाने नाव मंजूर का म्हणून विचारलं. हात वर झाले. नामदेवचा जरा उशिरा झाला, पण झाला.

सभेनंतर सुजाता म्हणाली, "काका, हे आईले तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नको."

ती पुढे चालली, मी मागे. कुसुमवहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि त्या दिवशी जे अर्धं राहिलं ते पूर्ण केलं. त्या सोलायच्या थांबल्या नाहीत. मी त्यांची माफी मागितली तेव्हाही नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या तोफेचा गोळा मंग बरोबर जागी पडला का?"

"पडला."

"अन् ते नाल्यातले लोक?"

"सगळे वापस आले."

त्यांनी हात थांबवले. "म्हंजे सुजाताचे बाबा तुमच्यापाशी पोचले होते," त्या म्हणाल्या. "पोचले होते अन् वापस निंघाले होते."

मग सुजाताला म्हणाल्या, काकाले चहा ठेव. मी त्या घरी चहा घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता तोफांवर कॉम्प्युटर आहेत. निरीक्षण अधिकारी सांगतो आणि आकडा त्या तोफेच्या हिशोबातच पडद्यावर येतो, मग तोफ कोणत्याही देशाची असो. माझ्यासारखी चूक करणं आज अवघड आहे, आणि ते ऐकून मला बरं वाटतं. गावातली दोन मुलं आणि एक मुलगी अग्निवीर म्हणून निवडली गेली आहेत. एकाला तोफखाना मिळाला. तो येऊन विचारतो, मी सांगतो. देविदासचं नाव घेऊन सांगतो.

दगड बसवला त्या सकाळी कुसुमवहिनी आल्या होत्या. बाबुळगावच्या कारागिराने अक्षरं चांगली कोरली आहेत. हवालदार देविदास मुनेश्वर, तोफखाना. त्याखाली बरीच जागा कोरी आहे. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला आणि एवढी जागा कायले सोडली म्हणून विचारलं. मी म्हणालो, अशी पद्धत असते, पुढच्या नावांसाठी.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "अशीच कोरी राहू द्या."