सरदारच्या कांड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या साहेबांना नाही. येसूआक्काला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. आता बोलतेय तेही सरळ येईल की नाही, ठाऊक नाही. तुम्ही जरा ऐकून घ्या.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नुकतीच पशुवैद्य झाले होते आणि बंगळूरच्या बाहेर, होसकोटेच्या वाटेवर, एका लहानशा केंद्रात नोकरीला लागले होते. नाहीशा होत चाललेल्या देशी जातींच्या वळूंचं रेत गोठवून जपायचं, हे आमचं काम. काडीएवढ्या बारीक नळ्यांत ते भरायचं. आम्ही त्यांना कांड्या म्हणायचो. मग त्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवायच्या. नायट्रोजन आहे तोवर आतला जीव वर्षानुवर्षं टिकतो. पण तो सारखा उडत असतो. म्हणून मधूनमधून पट्टी बुडवून पातळी बघायची आणि बोम्मसंद्र्याहून नायट्रोजनची गाडी आली, की भर घालायची. काम एवढंच. कुणालाही जमेल असं.

येसूआक्का होसकोटेची. आमच्यासारखंच तिचंही घराणं इथं पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं, मराठीत निम्मं कन्नड मिसळून बोलणारं. तिच्या यजमानांनी जमखंडीकडून कृष्णाकाठच्या जातीची दोन वासरं आणली होती, दोन वेगळ्या घरांतली — सरदार आणि गौरी. यजमान गेले. जनावरं राहिली. सरदार म्हणजे काय होता! पांढराशुभ्र, कपाळ पुढे आलेलं, गळ्याखालची लोंबती पोळी चालताना डावी-उजवी हलायची. ही जात तेव्हाच इतकी विरळ झाली होती, की आमचे साहेब त्याला बघायला स्वतः गेले. आक्का त्याला केंद्रात पाठवायला तयार नव्हती. तयार झाली ती माझ्याकडे बघून.

"तू आमच्यातलीच," म्हणाली. "तुझ्या हातात देते. सरी? ठीक ना?"

सरदार आमच्याकडे राहिला, त्याचं रेत गोठवलं, तो परत घरी गेला. आणि त्याच वर्षी पोटफुगीनं मेला. आक्का रडली नाही. मला म्हणाली, "तुमच्याकडे आहे ना तो. मग झालं."

आता इथून पुढचं.

दसऱ्याची मोठी सुट्टी लागणार होती. जायच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "सगळे कंटेनर बघितलेस?" मी म्हटलं, "हो." बघितले नव्हते. मावशीकडे सगळे जमणार होते, मला बस पकडायची होती — खरं तर बस चुकली असती तरी दुसरी होती. सरदारच्या कंटेनरच्या मानेभोवती बाहेरून हिम धरलं होतं, तेही मी दोन दिवस पाहत होते. आतली निर्वात पोकळी बिघडली, की असं होतं. हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत लिहिलं होतं मी.

सुट्टीनंतर सगळ्यांच्या आधी पोचले. पट्टी बुडवली, ती कोरडीच वर आली. कंटेनरच्या तळाशी साधा गारवा.

मी काय केलं? दुसऱ्या, चांगल्या कंटेनरमध्ये नायट्रोजन भरला आणि कांड्या त्यात ठेवल्या. मग एक कांडी कोमट पाण्यात धरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. दुसरी बघितली. आणखी एक. काही हलत नव्हतं. एकही नाही. बाहेरून पाहाल तर मात्र कांड्या जशाच्या तशा, रंगसुद्धा तोच. साहेब आले तेव्हा मी म्हटलं, जुना कंटेनर गळतोय वाटतं, वेळेत लक्षात आलं. ते म्हणाले, "शाब्बास."

मला भीती वाटली होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पण मी कबूल करतेय ते हे नव्हे. हेही आहेच, पण — थांबा. पुढचं सांगते.

थोड्या दिवसांनी आक्का केंद्रात आली. गौरी माजावर येत होती. जमखंडीकडच्या दिरानं निरोप पाठवला होता, की त्याच्याकडे याच जातीचा एक खोंड आहे. नांगराला हवा म्हणून तो त्याला खच्ची करणार होता. आक्कानं विचारलं, "त्याला थांबायला सांगू काय गं? खोंड इकडे मागवून घेते. खर्च होईल, होऊ दे."

तोंड उघडायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "कशाला आक्का? आपल्याकडे सरदार आहे ना."

ती खुलली. "होय की! स्वल्प विसरलेच बघ," म्हणाली आणि गेली. खोंडाला खच्ची केलं.

त्यानंतर दर माजाला मी होसकोट्याला जायचे. लहान फ्लास्कमधून कांडी न्यायची, तिच्यासमोर कोमट पाण्यात धरायची, गौरीला रेतन करायचं. आक्का आधी गाईला हळदकुंकू लावायची, मग मला कॉफी द्यायची. मी ती प्यायचे. परत जाताना मनाशी म्हणायचे, एखाद्या कांडीत जीव असेलही. तसं नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं. तरी जात राहिले, कारण न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

गौरी प्रत्येक वेळी उलटायची, गाभण न राहता पुन्हा माजावर यायची. आक्कानं खुराक बदलला, नवस बोलला, मग गोठ्याची जागा बदलली. शेवटी शेजारणी म्हणू लागल्या तेच तीही म्हणू लागली — गाय वांझ आहे. ज्या गाईच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय ती जेवत नसे, तिच्यावर ओरडायला लागली.

मी नोकरीत कायम झाले. पाहुणे आले, की साहेब मलाच पुढे करायचे. मी तो कंटेनर उघडायचे, पांढरा धूर बाहेर यायचा आणि मी सांगायचे — या जातीचा इकडचा हा शेवटचा वारसा. लोक फोटो काढायचे.

आक्कानं संकरित गाय घ्यायचं ठरवलं. गौरी एका मठाच्या गोशाळेत द्यायची होती. टेंपो आला तेव्हा मी तिथे होते, तिनंच बोलावलं होतं. गौरी चढेना. आक्का दोर ओढत होती आणि रडत होती. मग टेंपोच्या कडेला टेकून गौरीला म्हणाली, "माझी काय चूक गं? तुझ्यातच खोट निघाली."

गाईत काही खोट नव्हती. हे वाक्य मला मराठीत येत होतं, कन्नडातही येत होतं. आक्का माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

मी गौरीला मागून रेटलं, आणि ती चढल्यावर टेंपोची फळी लावून घेतली.