अहमदपूरला पाच मिनिटं

मी नांदेड–लातूर गाडीवर कंडक्टर आहे, आणि बरीच वर्षं ड्युटीवर मी पाणीच पीत नव्हते. घरून बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच परत आणायची. पाणी प्यालं की जावं लागतं, आणि भरली गाडी थांबवून बाईमाणूस उतरलं की सगळ्या गाडीला कळतं. पुरुषांचं बरं असतं, आडोसा दिसला की झालं!

व्हायचं तेच झालं. मूतखड्यापायी दोनदा दवाखान्यात पडले, रजा संपली, साठवलेलं सगळं तिथंच गेलं. तरी अक्कल आली नाही.

मग डेपोत आरोग्य शिबिर लागलं. आम्ही हसतच गेलो. वजन करायचं, बीपी बघायचं, केळं खाऊन परत यायचं, एवढाच आमचा बेत. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करवली, तीही फुकटात, आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" मी पिशवीतली भरलेली बाटली दाखवली. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "एका किडनीला सूज आहे. असंच चाललं तर ती जाईल." घर माझ्या पगारावर चालतं. मला तिथंच रडू कोसळलं.

बाहेर आमच्या गाडीचे ड्रायव्हरमामा बसले होते. बाईंनी मला विचारून त्यांना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मामा अहमदपूरच्या स्टँडवर खाली उतरले आणि टायरला लाथा घालत उभे राहिले. लोक ओरडायला लागले तर म्हणाले, "गाडी तापून राहिली, थांबा की जरा!" तेवढ्यात मी जाऊन आले. मग रोजच गाडी तापायला लागली. देव त्यांचं भलं करो.

पुढं मामा पुतणीच्या लग्नाला रजेवर गेले. बदलीच्या ड्रायव्हरला काहीच माहीत नव्हतं. अहमदपूरचे प्रवासी चढले आणि त्यानं निघायला लगेच फलाटावरून गाडी मागे घेतली. मी बाटली अर्धी संपवलेली. लातूरपर्यंत कळ काढणं आता जमणार नव्हतं. शेवटी बेल मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "पाच मिनिटं थांबा. मला लघवीला जायचंय."

मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं.

पुढच्या सीटवरची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उठली. "थांब माय, मी बी येते. लोह्यापासनं धरून बसले हाय." तिच्यामागं एक लेकुरवाळी उठली. मग कॉलेजच्या पोरी. मग आणखी बाया.

आज माझी किडनी शाबूत आहे, ऑपरेशन टळलं. डॉक्टरीणबाईंचे आणि मामांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पण त्या दिवशी म्हातारीचा हात धरून उतरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं तिकिटं देत मी या बायांमधूनच फिरत होते, आणि त्या सगळ्या माझ्यासारख्याच कळ काढत बसल्या होत्या.