बाजारात उभं राहिलेलं घर

सकाळी साडेसहाला सोलापुरातून निघालो तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या. किती दिवसांचा दौरा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाच दिवसांचा, आणि आमचा हा पहिला आणि शेवटचा. स्टिअरिंगवर बसलेल्या आमच्या ह्यांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून गाडी सुरू केली.

गाडी म्हणजे एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि पुढची दोन वर्षं घरामागच्या मोकळ्या जागेत त्या बसखाली पाठीवर पडून राहिले. आत पलंग झाला, ओटा झाला, शेगडी आली, भांडी घासायला छोटंसं बेसिन आलं, खिडक्यांना पडदे लागले. पडदे लागले त्या दिवशी मला कळलं की माझ्या दोन साड्या कपाटात नाहीत. मला विचारून त्या गाडीतलं काहीएक झालं नव्हतं.

आणि मला विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं. टपाल खात्यात मी चौतीस वर्षं काढली, त्यात नऊ बदल्या. ह्यांची नोकरी सोलापुरात, घर सोलापुरात आणि मी लेकीला घेऊन कधी धाराशिवला, कधी लातूरला, कधी आणखी कुठं. दर तीन-चार वर्षांनी खोकी बांधा, खोली शोधा, दूधवाला शोधा, लेकीची शाळा शोधा. रविवारी सोलापूरला यायचं, दिवसभर कपडे धुवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं होतं की आता ढिम्म हलणार नाही. तर ह्या माणसानं फिरायचं काढलं.

बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. एक प्रवास करायचा. परत आल्यावर मी ‘नको’ म्हटलं, तर ह्यांनी चकार शब्द न काढता गाडी विकायची. ‘राहू दे’ म्हटलं, तर राहील. मधल्या काळात मला पटवायचा प्रयत्न करायचा नाही. ह्यांनी सगळं कबूल केलं आणि निघाल्यापासून असे काही गोड वागायला लागले की संशयच यावा. भांडी काय घासतात, चहा काय करतात, मला उशी काय देतात. मी सगळं मजेत करून घेत होते आणि मनातलं ‘नको’ जागच्या जागी ठेवून होते.

बीड, गेवराई मागं पडलं, गोदावरी ओलांडली आणि पहिल्या दिवशी दुपारी वडीगोद्रीला थांबलो. रस्त्याच्या कडेला मोसंबीचे ढीग होते. हे मोसंबी घ्यायला उतरले आणि मी कुकर लावला. वळून बघते तर पलंगावर एक आजोबा बसलेले. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, तोंड वर केलेलं. दारात आणखी दोन बायका उभ्या होत्या.

मी विचारलं, काय हवंय. आजोबा म्हणाले, "डाव्या डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं. आधी तेवढा बघा."

गावात मोतीबिंदू तपासणारी गाडी आली, अशी बातमी माझा कुकर शिट्टी करायच्या आत पसरली होती. मी समजावून सांगितलं की आम्ही डॉक्टर नाही, ही आमची राहायची गाडी आहे, आम्ही नुसते फिरतोय. आजोबांना ओशाळल्यासारखं बिलकुल झालं नाही. त्यांनी चष्मा परत चढवला, ओट्यापासून पडद्यापर्यंत सगळं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "घर न्हाई का तुम्हाला? असंल तर मंग ते सोडून फिरता कशाला?"

मी तर खूश झाले. दोन वर्षं मी जे विचारत होते तेच एका परक्या माणसानं दोन मिनिटांत विचारलं. मोसंबीची पिशवी घेऊन हे दारात आले होते, त्यांनीही ते ऐकलं. म्हटलं, द्या उत्तर. ह्यांनी आजोबांना चहा करून दिला. चहा पिऊन झाल्यावर आजोबांनी आम्हाला येसराची (भाजलेल्या धान्याचा मसाला, आमटीत घालतात) पुडी घरून आणून दिली.

अंबडवरून जालन्याला जाताना पिशवी फाटली आणि मोसंबी गाडीभर फिरली. ती गोळा करताना मी बेसिनचा पंप पायानं लाथाडला. मुद्दाम नव्हे, पण ह्यांना तसं वाटलं असणार. पंपाचं वॉशर गेलं आणि पाणी बंद झालं. एरवी ह्यावर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. तह असल्यामुळं हे फक्त म्हणाले, "असू दे, मिळेल जालन्यात."

जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत आमची गाडी शिरणं शक्यच नव्हतं. शहराच्या कडेला एक भलंमोठं मोकळं मैदान दिसलं. लिंबाची झाडं होती, पाण्याचा हौद होता, ओळीनं खुंट्या ठोकलेल्या होत्या. एवढ्या खुंट्या कशाला असतील, हा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. शेजारच्या टपरीवाल्यानं विचारलं, उद्या सकाळी बी इथंच का? हे म्हणाले, हो. तो म्हणाला, "बराबर." आम्हाला वाटलं, किती अगत्यानं विचारतोय.

मग वॉशर शोधायला पायी निघालो. पहिला दुकानदार म्हणाला, पुढच्या चौकात मिळंल. चौकातला म्हणाला, मागच्या गल्लीत बघा. गल्लीतला म्हणाला, जल्दी जा, तो सातला बंद करतो. धान्याच्या ठोक दुकानांपुढून, तुरीच्या पोत्यांना वळसे घालत, रिक्षांना आणि मोटारसायकलींना अंग चोरून वाट देत आम्ही एका रबरी चकतीपायी अख्खं जुनं जालना पालथं घातलं. एका कापडाच्या दुकानात माझे गुडघे बोलायला लागले म्हणून टेकलो. शेठजींनी गादीवर बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं. सोलापूर म्हटल्यावर ते लगबगीनं आत गेले आणि मला खास दाखवायची म्हणून सोलापुरी चादर घेऊन आले. मीही ती पहिल्यांदाच बघत असल्यासारखी हात लावून बघितली. एवढं प्रेमानं दाखवल्यावर दुसरं काय करणार.

वॉशर शेवटी एका सायकल दुरुस्तीवाल्यानं जुन्या ट्यूबमधून कापून दिलं. पुढं एका खानावळीत धपाटे (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) आणि दही खाल्लं. रस्ता ओलांडताना ह्यांनी माझा हात धरला आणि पलीकडं गेल्यावर सोडायचा विसरले. असं दोघांनी, काही काम नसताना, एखाद्या गावात पायी फिरणं आमच्या आयुष्यात झालंच नव्हतं. मला फार बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय ह्याचाच राग येत होता. ह्यांना काही कळू नये म्हणून मी परतताना रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिले.

सकाळी जाग आली ती घुंगरांच्या आवाजानं. डोळे उघडले तर खिडकीत बैलाचं तोंड. चांगला धिप्पाड बैल, आणि तो माझी अबोली साडी, म्हणजे आताचा पडदा, शांतपणे चावत होता. मी ह्यांना हलवलं. हे दार उघडायला गेले तर दार उघडेना, कारण कुणीतरी त्याच बैलाचं दावं (गुराला बांधायची दोरी) आमच्या दाराच्या कडीला बांधलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूनं कसेबसे उतरलो. मैदानभर बैल, गाई, म्हशी, शेळ्या. जनावरांचा आठवडी बाजार भरला होता आणि आम्ही त्याच्या बरोबर मधोमध उभे होतो. दुपारी बाजार उठेपर्यंत गाडी हलणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात किसनभाऊ आले. केदारखेड्याचे, वय सत्तरीच्या पुढं, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, ह्या बाजारातले जुने दलाल. बैलाला जसे बघतात तसे ते आमच्या गाडीभोवती फिरले. टायर दाबून बघितला. खाली वाकून पोट बघितलं. बॉनेट उघडायला लावून आत नजर टाकली, आणि ते दातच बघतायत असं मला वाटलं. वय विचारलं, किती चालली विचारलं, तेल किती खाते विचारलं. हे बिचारे अगदी खरं खरं सांगत होते. मी विचारलं, एवढी चौकशी कशासाठी?

"बाई, बाजारात जे उभं राह्यलं ते इकायलाच आल्तं, आसंच इथं धरत्यात," किसनभाऊ म्हणाले. त्यांच्या भाच्याचा मंडपाचा आणि जेवणावळीचा धंदा होता. ओटा आणि शेगडी असलेली गाडी तो कधीपासून शोधत होता.

आता मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणतील, विकायची नाही. पण ह्यांनी तोंड उघडलं नाही. मला पटवायचं नाही असं कबूल केलं होतं ना, ते हा माणूस बैलांच्या गर्दीतही पाळत होता. किसनभाऊंनी पुन्हा विचारलं, एवढा खर्चा करून असली गाडी केली तरी कशापायी?

हे फडक्यानं हात पुसत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हिच्या नऊ बदल्या झाल्या. दर वेळी ही जायची आणि मी संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचो. म्हटलं, आता ही जाईल तिथं घर नेता आलं पाहिजे."

मग एवढंच म्हणाले की मालक मी नाही, हिला विचारा, आणि गाडीच्या पलीकडं निघून गेले.

खोकी मी बांधली, खोल्या मी शोधल्या, म्हणून सोसलं ते मी, असंच मी चौतीस वर्षं धरून चालले होते. संध्याकाळी कुलूप काढणारा माणूस मी कधी डोळ्यांपुढं आणलाच नव्हता. मला भरून आलं, सरळच सांगते. आणि वर ह्यांचा रागही आला. हे एवढं साधं वाक्य घरी, स्वयंपाकघरात, माझ्यापुढं बोलता येत नव्हतं का? त्यासाठी केदारखेड्याचा दलाल लागला.

किसनभाऊंना तोवर सौद्याची घाई झाली होती. ह्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि मालक एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, बघणाऱ्यांना काही कळत नाही. आणि रुमालाखाली झालं ते दोघांनी कुणाला सांगायचं नाही, अशी रीत आहे. किसनभाऊ जरा अडखळले. बाईनं हात द्यायची इथं चाल न्हाई, म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, पर मालकीण म्हनल्यावर काय करनार. त्यांनी उपरण्याचा पदर पसरला. दहा-पंधरा माणसं गोळा झाली. मी हात आत घातला.

त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. माझी नजर बॉनेटवरून पलीकडं गेली. हे गाडीला पाठ टेकून उभे होते, आणि मागं नेलेला हात पत्र्यावरून हळूहळू फिरत होता. मी माझा हात काढून घेतला.

किसनभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मिशीत हसले. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सौदा न्हाई. मालकीण इकायला राजी न्हाई."

हे गर्रकन वळले. शेजारच्या बैलाच्या पाठीवर जोरात थाप मारली. बैल दचकला आणि ह्यांच्या पायावरच पाय दिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्या बैलामुळं, असं हे आजही सांगतात. मी पायावर ओली पट्टी ठेवली, नव्या वॉशरच्या पंपाचं पाणी घेऊन सगळ्यांसाठी चहा टाकला आणि किसनभाऊंना सोलापूरची शेंगाचटणी बांधून दिली. बैलाच्या मालकानं अर्ध्या साडीबद्दल माझी माफी मागितली. बाजार उठेपर्यंत आमचं दार त्याच्याच बैलाला बांधलेलं होतं.

उरलेले दिवस आम्ही भोकरदनच्या बाजूला फिरलो. केदारखेड्यात किसनभाऊंच्या अंगणात एक मुक्कामही झाला. परतीच्या वाटेवर तह संपल्याचं ह्यांच्या एकदम लक्षात आलं. गेवराईपासून भांडी घासणं बंद. बीडला चहा मी केला. धाराशिवच्या आधी पंपाला लाथ मारण्याबद्दलचं ते राहून गेलेलं व्याख्यानही झालं, चांगलं पाऊण तास. मला काही त्याचं वाईट वाटलं नाही, कारण गेले काही दिवस मी एका पाहुण्याबरोबर फिरत होते आणि आता माझा नवरा परत आला होता.

मधूनमधून एकच प्रश्न चालू होता. किती दिले त्यानं? मी म्हणायची, रुमालाखालचं सांगायचं नसतं. मग हे स्वतःशी हिशेब करायचे. बीडपर्यंत तो आकडा बराच वाढला होता. सोलापुरात शिरेपर्यंत तो एवढा फुगला की त्यात नवीन बस आली असती. आता आल्यागेल्याला सांगतात, आमच्या हिनं माझ्या गाडीपायी केवढं मोठं गिऱ्हाईक परत पाठवलं, आणि सांगताना छाती अशी काही पुढं काढतात की मी आत जाऊन पाणी आणते.

खरं काय ते इथं लिहिते, कारण मी लिहिलेलं हे कधी वाचत नाहीत. रुमालाखाली भाव झालाच नाही. किसनभाऊंनी पहिलं बोट दाबायच्या आतच मी हात काढून घेतला होता.