तोंडात चूळ, हातात गौर

माझ्या माहेरी गौरी म्हणजे नुसता थाट. पितळी मुखवटे, शालू, नथ, सोळा भाज्या. सासर कोकणातलं. तिथे गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेले सात खडे! लग्नानंतर पहिल्या वर्षी ते बघून मी चाटच पडले होते. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही जपानात, कोबे शहरात राहायला गेलो. तिथे आमच्या इमारतीत रायगडकडची एक मैत्रीण राहायची. तीही कोकणातलीच, पण तिची गौर तेरड्याच्या रोपांची, आणि तिला नैवेद्य मटणाचा. एकाच मुलखातली एकच देवी, पण घर बदललं की तिचं रूप बदलतं आणि ताटही.

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी सासूबाई पाय मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. घरात दुसरी सून नाही. गणपती बसल्यावर त्यांचा फोन आला.

"गौर खंडित व्हायला नको गं. तिकडे आण तू. तोंडात पाण्याची चूळ धरून, मुक्यानं. वाटेत शब्द बोललीस तर ती आलीच नाही असं समज."

एरवी सगळ्या घराला धाकात ठेवणाऱ्या बाई, पण आवाज कापत होता. खड्यांवर माझा विश्वास होता असं नाही. त्या आवाजाला मात्र मला नाही म्हणवलं नसतं.

दारात माझ्या पायांवर दूध-पाणी घालायला नवरा प्रयोगशाळेतून येणार होता. ऐन वेळी त्याचा फोन, मशीन अडकलंय. त्याचं मशीन कायमच अडकलेलं असायचं. मी चिडून दूध-पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू दाराबाहेर ठेवलं आणि एकटीच निघाले. डोंगरातून येणारी नदी जवळच होती. सात खडे निवडून तबकात ठेवले, चूळ भरली आणि परत फिरले.

लिफ्टपाशी नेमक्या शेजारच्या आजी उभ्या. जळणारा कचरा न जळणाऱ्यात टाकला म्हणून मला दोनदा झापलेल्या. "कोन्निचिवा," त्या म्हणाल्या. जपानमध्ये अशा नमस्काराला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणाची कमाल. चूळ गिळून बोलावं, तर तिकडे सासूबाईंची गौर गेली. मी गाल फुगवून कमरेपर्यंत वाकले. आता हिच्याशी जन्माचं वाकडं, असं मनात आलं.

आजींनी माझ्या गालांकडे पाहिलं, मग तबकाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी गेली. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्यांनी मान हलवली आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं. वर आल्यावर दाराबाहेरचा तांब्या पाहून त्या थांबल्या. मी ओशाळून माझ्या पायांकडे बोट दाखवलं. सत्तरी ओलांडलेली ती बाई सावकाश गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पायांवर दूध-पाणी घालू लागली. एवढ्या मोठ्या बाईने माझे पाय धुवावेत! पण त्या क्षणी ते पाय माझे नव्हतेच. माझा विश्वास नव्हता, तरी गौर आली होती.

आजींना खुणेनं आत बोलावलं. खडे पाटावर ठेवून मी चूळ टाकली आणि आजींची माफी मागू लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. माझ्यासाठी सावकाश, सोपं जपानी बोलत त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावी नव्या वर्षाच्या पहाटे त्यांची आई विहिरीवरून पहिलं पाणी आणायची. वाटेत कोणीही भेटलं तरी बोलायची नाही.

"आई गप्प असली की मी ओळखायचे, पाण्यात देव आहे," त्या म्हणाल्या.

मग खड्यांपुढे हात जोडून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी सासूबाईंना फोन लावला.

"बोललीस का वाटेत?"

"नाही."

"दारात पाय कोणी धुतले?"

"शेजारच्या आजींनी. जपानी आहेत."

"सवाष्ण आहे?"

आजींच्या घरातला त्यांच्या नवऱ्याचा फोटो आणि त्यापुढची उदबत्ती मी उघड्या दारातून पाहिली होती. खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले.

स्वतःचा नवरा गेल्यापासून सासूबाईंनी कोणाकडून ओटी भरून घेतली नव्हती, हळदीकुंकवाला त्या आतल्या खोलीत बसायच्या. गौर गेली बहुतेक, असं मला वाटलं.

"मग ओटी भरलीस ना तिची?" त्यांनी विचारलं.

"ओटी? त्यांची?"

"अगं, गौर घरात घेतली तिनं. जा आधी."

मी तांदूळ, खण आणि नारळ घेतला आणि शेजारची बेल वाजवली.